पट्टा, पैलवान आन शिवतेजचं लगीन

आईच्यान सांगतो अण्णा, शब्दन् शब्द खरा हाय — म्हंजी अगदी शब्दन् शब्द न्हाई, क्रेनवाला काय काय बोलला ते मी गाळनार हाय, आन पैलवान किती हुते ते कुनी मोजलं न्हवतं — पर गाडी खरी, नवरदेव खरा, आन पट्टा तुटला त्यो तर शंभर टक्के खरा. तुमी काच खाली करू नका, परत वर येत न्हाई ती. तर पेठ नाक्याला बसताना तुमी इचारलं, गाडी एवढी नवीकोरी, शिटांना अजून प्लास्टिक, आन भाड्यानं शिटा भरून वडाप कशाला करता? वडाप न्हाई ओ ही. हिला एकट्यानं चालवायला भ्या वाटतं, म्हनून सांगलीपतोर एक मानूस शेजारी घेतला. आन प्लास्टिकचं कारन म्हंजी दादासो मामा. दादासो मामा कोन? शिवतेजचा मामा. शिवतेज कोन? नवरदेव, आमच्या मेढ्याकडचा — माज्या लय वळखीचा. कसला आवाज? कुर्रर्र? न्हाई ओ, रस्ता खराब हाय. थांबा, टेप मोठा करतो.

मामा पलटनीतनं रिटायर झाला आन ही गाडी घेतली. घेतली म्हंजी शेडमधी उभी केली. वर कवर, कवराच्या वर चादर, चादरीवर ताडपत्री. रोज सकाळी तिन्हींची घडी घालायची, गाडीला फडकं मारायचं, आन परत झाकायची. बाहीर काढायची ती फकस्त भावकीतल्या लगनाला — कुठलाबी नवरदेव असू दे, ह्याच गाडीतनं गेलाय, फुलं लावून, प्लास्टिकवर घसरत. आन मामाचं एकच — "किलोमीटर बघ, किलोमीटर! गाडी अजून अंगनवाडीत हाय!" शोरूमवाल्यांनी फोन केलं, की साहेब, टायमिंग बेल्ट बदला, वरसं झाली. मामा म्हनला, फिरलीच न्हाई तर झिजंल कसा? आता रबर ओ ते, अण्णा. रबर नुसतं बसूनबी म्हातारं हुतंय. मामाचं सोताचं गुडघं बसून बसून गेलं, उठताना भिंतीला धरतोय — पर गुडघ्याला जे हुतंय ते पट्ट्याला हुतंय, हे त्येला कवाच पटलं न्हाई.

तुमाला ठावं हाय का त्यो पट्टा काय करतो? न्हाई? मलाबी न्हवतं. लेझीम बघितलीया न्हवं तुमी? एक रांग खाली बसती, दुसरी उठती, परत ही उठती, ती बसती — कुनाचा कुनाला धक्का न्हाई. का? हलगी वाजती म्हनून. इंजनात तसंच. खालनं पिस्टन वर येतंय, वरनं वाल, म्हंजी हवेची झडप, खाली येतंय, दोघांची गाठ पडायची न्हाई असा हिशेब, आन त्यो हिशेब पट्टा बघतो. पट्टा म्हंजी हलगीवाला. त्यो मधीच गपला, की अर्धी पोरं उठत्यात, अर्धी बसत्यात, आन एकमेकाच्या टाळक्यात. आजकालच्या इंजनात तर जागाच ठेवत न्हाईत मधी. लय भारी इंजन, लय कमी पेट्रोल, आन टाळकी फुटली की सगळ्यांची.

तर शिवतेजच्या लगनाचा दिवस. कार्यालय सांगलीला. मामा सोता चालवतोय, मागं शिवतेज, शेजारी मनुबाई आत्या नारळ धरून. कराडजवळच्या मलकापूरच्या अलीकडं आलं आन गाडी गपली. धूर न्हाई, धडाका न्हाई — नुसती गप. मामानं चावी फिरवली, इंजन भुर्रर करून फुकट फिरलं. शिवतेज म्हनला, मामा, मी मागच्या जीपमधी बसतो, मुहूर्त गाठू. लय सोपं हुतं अण्णा! त्याच मिंटाला उतरला असता, तर आज — जाऊ दे. आत्यानं नारळ आडवा घातला. "गावच्या शिवंवर नारळ फोडून निघाल्यालं पोरगं. आता नवरीचा भाऊ हात धरून उतरवंल तवाच पाय खाली." संपलं. पंच्याऐंशी किलोची बाई, दाराच्या बाजूला.

आन मागच्या जीपमधी कोन? शिवतेजच्या तालमीतली पोरं. त्यांना तर तेच पायजे हुतं. मामा वराडला, "दुसऱ्या गेरात टाकतो, ढकला!" मला सांगा, आपल्याकडं गाडी बंद पडली की मानूस बोनेट उघडतो का? न्हाई. ढकलतो. पैलवानांनी शड्डू ठोकलं, बजरंगबलीची जय केली, आन गाडी ढकलली — पार म्होरच्या पुलाच्या ह्या टोकापासनं त्या टोकापतोर. इंजन आतनं खट्-खट् करतंय, मामा म्हनतोय, "उचलतंय! उचलतंय!" तिथल्या गॅरेजातला कृष्णात मिस्त्री रस्त्यावर पळत आला, डोक्याला हात लावून. म्हनला, पट्टा तुटला तवा दोन-चार वाल वाकलं असतील ओ, तुमी ढकलून सोळाच्या सोळा वाकवलं. पैलवानांना वाटलं कौतुकच करतोय. एकानं दंड दाखवला त्येला.

मग क्रेन आली. गाडी उचलली — आत शिवतेज. आत्या तेवढी उतरली, तिला नियम न्हाई. गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवली — आत शिवतेज. मुंडावळ्या बांधून, हातात कट्यार, जमिनीपासनं पुरुषभर उंच. खाली मिस्त्री तेल काढतोय, वर मी घड्याळ बगतोय, सांगलीत मुहूर्त टळला आन हितं — मी म्हंजी शिवतेज. शिवतेज घड्याळ बगतोय. गॅरेजात आलेली मानसं वर बघून नमस्कार करायची, एकानं तर फोटू काढला. सांजच्याला नवरीचा भाऊ सांगलीहनं फटफटीवर आला, लिफ्ट खाली घेतली, त्येनं रीतसर हात धरून उतरवलं, आन निरोप दिला. नवरीचा, शिवांजलीचा. सरकारी दवाखान्यात नर्स हाय ती. म्हनली हुती, "पुढच्या टायमाला फकस्त अर्ध्या दिवसाची रजा काढनार हाय. आला तर लगीन, न्हाई आला तर दुपारी ड्युटीला."

काय बगताय? हात? हळद हाय. भाजी — भाजीत हात घातलता. बरं. बरं अण्णा, तुमी शाने मानूस, जरकिनाच्या आत शेरवानी दिसतीया तर लपवू कशाला? व्हय, मीच. आज दुसरा मुहूर्त. वऱ्हाड यष्टीनं पुढं गेलं, ह्या गाडीत बसायला कुत्रं तयार न्हाई, आन मामाचा हट्ट — "जी गाडी थांबली तीच मांडवात गेली पायजे, घराण्याच्या इज्जतीचा सवाल हाय." इज्जत त्येची, गाडी त्येची, आन बायको माजी जातीया! आन तरीबी चिकटपना सुटला का? वाल बदलताना मिस्त्री म्हनला हुता, पट्ट्याबरोबर त्यो ज्या चाकावरनं फिरतोय ती चाकंबी बदला, बेरिंग गेल्यात. मामा म्हनला, चाकं गोल हायत न्हवं अजून?

टेप बंद करा जरा. कुर्रर्र ऐकू येतंय? आता? ... न्हाई? मलाबी न्हाई. कायच ऐकू येत न्हाई.

गपली.

सांगलीवाडी हाय ही, त्यो बघा समोर पूल, पलीकडं कार्यालय, बँड हितं ऐकू येतोय — ए पोरांनो! लांब! हात लावायचा न्हाई गाडीला! खबरदार कुनी ढकललं तर! अण्णा, उतरा, ह्या बाजूला या, माजा हात धरा. तुमीच मेव्हनं समजा, घ्या मला खाली. हां. झालं, रीत झाली. मागनं मुंडावळ्यांची गाठ मारा. रिक्षा! ए रिक्षा! थांब रं! फोन आत्याकडं हाय, शेरवानीला खिसाच न्हाई, आन रिक्षावाला उधारीवर नवरदेव न्हेत न्हाई. तवा पेठ नाक्यापासनंचं भाडं काढा. आवं पोचवलं न्हाई कसं, सांगली दिसतीया की! काढा. आन तुमी आत जाऊन बसा — कुनीतरी आत बसल्याबिगर ही गाडी क्रेनला चढत न्हाई.