चाळीसच्या वर नाही

ताईच्या लग्नाचा विषय निघाला की मला आधी आमची नवी गाडी आठवते. पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत ती चाळीसच्या वर न्यायची नाही, असा नियम होता आणि बाबा तो सोवळ्यासारखा पाळायचे.

लग्न घाटकोपरला झालं. ताईला सासरी, दहिसरला, बाबांनीच त्या गाडीतून नेलं. भावोजी पुढे बसले होते आणि मी पाठराखीण म्हणून मागे ताईशेजारी. हायवेवर विटांनी भरलेला ट्रकसुद्धा आम्हाला मागे टाकून गेला.

भावोजी म्हणाले, "काका, आई ओवाळायला दारात उभी असेल. थोडी जोरात घेता का?"

"नवी गाडी आहे हो. सर्व्हिसिंग व्हायची आहे अजून," बाबा म्हणाले.

मी चमकले. सर्व्हिसिंग मागच्याच आठवड्यात झाली होती आणि त्याच दिवशी बाबांनी आम्हा दोघींना साठच्या वेगाने फिरवून आणलं होतं. मी तोंड उघडणार, तोच ताईने माझा हात घट्ट दाबला.

"खरंय," ती भावोजींना म्हणाली. "आत्ता घाई केली तर इंजिन बिघडतं."

बाबांनी गाडी आणखी हळू केली.

दुपारी लग्न लागलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत ताईने नवऱ्याला पहिली थाप मारलीसुद्धा.