ग्रीकसाठी घातलेलं गाऱ्हाणं

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, पण मी प्राचीन ग्रीक शिकायला घेतलं होतं. तेही एकट्याने, पुस्तकावरून. सकाळी कॉलेज, संध्याकाळी मामाचं दुकान. वेळ उरायचा तो फक्त मालवणच्या एसटीत. मग खिडकीशी बसून मी क्रियापदांची रूपं पुटपुटायचो.

मागच्या सीटवर शेजारच्या काकू असायच्या. त्यांनी आईला गाठलं. "तुझो झील एकटोच बडबडता. भाषा पण आपली न्हय."

आईने मला उचललं ते थेट देवळात, काकूही मागोमाग आल्या. मी गुरवकाकांना घाईघाईने समजावलं, बाधा वगैरे काही नाही, हा अभ्यास आहे. काकांना पटलं. त्यांनी नारळ देवापुढे ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही भाषा आमका कोणाक कळणा नाय, तुका कळत असात. ती ह्या लेकराक येव दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आई आणि काकू एकदम म्हणाल्या. मलाही जरा भरून आलं.

नारळ फोडायला उचलताना काकांनी सहज विचारलं, "कितवो धडो चललो?"

"पयलोच."

"कधीपासून?"

"सात म्हयने झाले."

काकांनी एकदा देवाकडे बघितलं आणि नारळ आईच्या हातात परत दिला. "वयनी, ह्यो घराक व्हरा. दुसऱ्या धड्याक पोचलो काय मगे देवाक तरास देवया."

त्या नारळाची सोलकढी झाली. दुसरा नारळ आईने अजून घेतलेला नाही.