चिठ्ठीवर म्हैस

धोंडाबाईचं मनगट मोडल्यापासून सून सोनम तिला भाकरीच्या परातीला हात लावू देत नव्हती. बारामतीच्या दवाखान्यात नंबरची वाट बघताना धोंडाबाईचे कान शेजारच्या बापलेकांकडं लागले. दोघं नुकतेच तपासून बाहेर आले होते.

“आबा, घरी ह्यो रबरी चेंडू दाबत बसा. लकव्याच्या हातात ताकद यील.”

“चेंडू दूध देतो व्हय? त्यापरीस म्हशीची धार काढतो.”

“आजारी बापाला राबवतो म्हनून गाव माझ्या तोंडात शेण घालंल!”

“गाव नंतर. म्हस तुला आत्ताच लाथा घालतीया.”

“हळू बोला की!”

“डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर काय लिवलंय, वाच.”

“‘रोज दोन वेळा म्हशीची धार काढणे.’ …आबा, जेवायच्या आधी का नंतर?”

धोंडाबाई ताडकन उठली. “सोनम, नंबर आला न्हाय तरी चल. माझ्या चिठ्ठीवर भाकरी लिवून घ्यायचीय.”