गुंडप्पांनी ग्रुप सोडला

हसू नका, त्या दिवशी मी पार घाबरले होते. भालकीच्या डाळमिलमध्ये मी नवीन मॅनेजर. 'उद्यापासून हजेरी मोबाईलवर' असं मी ग्रुपवर टाकलं आणि आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर गुंडप्पा लगेच ग्रुप सोडून गेले. फोनही लागेना. स्कूटी काढली आणि थेट त्यांचं गाव, भालकी तालुक्यातलंच मेहकर गाठलं. अप्पा अंगणात शेंगा फोडत बसलेले.

"अप्पा, काम कामून सोडलात?"

"काम? न्हाई बा! गुड मॉर्निंगनं फोन भरायलाय, म्हणून ग्रुप तेवढा काढून टाकलो."

मी मटकन ओट्यावर बसले. जिवात जीव आला. अप्पा मात्र चकित होऊन माझ्याकडं बघायले.

"काम सोडायचं असलं तर समोर येऊन सांगीन की, पोरी! तुमच्यात बटन दाबून जातेत व्हय?"