चाळीस मिनिटं विझवलेला तारा

—नाही नाही, आधी बस. आणि मॅडम काय म्हणतोस, इथे वायमेआ गावात माझ्या वयाच्या बाईला सगळे मावशीच म्हणतात. मुसुबी घे, भातच आहे, चावत नाही. हं, लिही तुझ्या चौकशीच्या कागदावर— नाव लेहुआ कानाहेले. काम? मौनाकेआ डोंगरावर दुर्बिणीबाहेर थंडीत उभं राहून विमानं बघणं. हसू नकोस. तुमच्या शास्त्रज्ञांचं हवेशी वैर ना— ती हलते, तारे थरथरतात, फोटो धुरकट येतात. मग काय करतात? लेझर सोडून आकाशात खोटा तारा लावतात, तो किती थरथरतो ते बघतात आणि त्या मापाने आरसाच वाकवतात— सेकंदाला हजारदा! आरसा वाकडा, तेव्हा कुठे चित्र सरळ. एवढी अक्कल, एवढे डॉलर, आणि वैमानिकाच्या डोळ्यांत झोत जाऊ नये म्हणून कोण? तर मी. तीन स्वेटर आणि एक बटण. विमान झोताजवळ आलं की दाबायचं, लेझर बंद.

हो, मंगळवारी दाबलं. विमान आलं म्हणून दाबलं, अजून कशाला दाबेन? चाळीस मिनिटं... बरं, जरा लांब होतं. समुद्रावर होतं, कबूल. पण दुर्बिणीवरच्या त्या डॉक्टर ऑल्ड्रिजने केवढा थयथयाट केला! म्हणे त्याचा ग्रह पुन्हा धुरकट झाला, दोन वर्षं वाट पाहिली होती. अरे, ग्रह काय पळून जातोय? पळून जातात ती पोरं. इथे घर परवडत नाही म्हणून लास वेगासला— अर्धं बेट तिकडेच गेलंय. त्या मंगळवारची एक रजा मागितली होती मी त्याच्याकडे. एकच! तर म्हणाला, आज हवा शांत आहे, अशी रात्र परत मिळत नाही. मग काय, काविकाच्या गळ्यात दुपारीच, इथे पायरीवर, निरोपाचा हार घातला आणि गेले कामावर. एकुलता एक पोरगा माझा, आणि विमानतळावर मावश्या, काका, शेजारी, सगळे— आई सोडून.

आणि तो झोत समोर असला ना, की विमानाचा बारीक दिवा दिसतच नाही बघ. बंद केला तेव्हा दिसला. लाल, मग पांढरा, मग लाल... पार क्षितिजाआड जाईपर्यंत दिसला.

...पेन का थांबलं तुझं?

बरं. लिही— मुद्दाम दाबलं. आण इकडे, सही करते. रजा मागितली होती, तेही लिही. वर लिही, ठळक.

ऊठ आता.