नावाड्याची बायको

(जंगलातली पायवाट नदीला भिडते ती जागा. फिरायला आणलेली मंडळी पुढे झाडाखाली डबे उघडून बसली आहेत. त्यांना वाट दाखवणाऱ्या भावाला थोरल्या बहिणीने मागे अडवून धरलं आहे.)

बहीण : आधी सांग, हे तू दर रविवारी सांगतोस?

भाऊ : ताई, हळू बोल. माणसं जेवतायत.

बहीण : ऐकू दे की! "नाव उलटली, नावाड्याने जिवावर उदार होऊन एकेकाला काठावर आणलं आणि शेवटी स्वतः बुडाला." बायका डोळे पुसत होत्या!

भाऊ : मग? चारचौघांत बाबांचं नाव निघतं, तर तुझ्या पोटात का दुखतं? झाडं-पक्षी सगळेच दाखवतात. लोक माझ्याबरोबर येतात ते या वळणावरच्या गोष्टीसाठी.

बहीण : त्यातलाच एक जण परवा घरी आला होता. फुलं घेऊन. अशा शूर माणसाच्या पत्नीला भेटायचं होतं म्हणे.

भाऊ : बरं झालं की. आई काय म्हणाली?

बहीण : काय म्हणणार? त्या वाकड्या बोटांनी चहा करून दिला त्याला. बोटं कशाने वाकडी झाली तिची, ठाऊक आहे?

भाऊ : संधिवात.

बहीण : संधिवात म्हणे! दोराने, गाढवा, नाव बांधायच्या दोराने! आम्ही बाबांचा डबा घेऊन आलो होतो. ते पिऊन तर्र. नाव त्या खडकावर आदळली. आईने दोर झाडाला बांधला, दुसरं टोक हाताला गुंडाळलं आणि उतरली. नावेतले सगळे उतारू तिने ओढून आणले. तिने!

भाऊ : खोटं.

बहीण : तू माझ्या कडेवर होतास.

भाऊ : खोटं बोलतेस! ही गोष्ट मी रचलेली नाही, ताई. आईने सांगितलीय मला. शाळेत पोरं 'दारुड्याचा पोर' म्हणायची, मी रडत घरी यायचो, तेव्हा कुशीत घेऊन सांगायची. शब्दन् शब्द तिचा आहे.

बहीण : आईचा?

भाऊ : हो, आईचा! आणि तू सगळं पाहिलंस, तर इतकी वर्षं तोंड शिवून का बसलीस?

बहीण : तिने बजावलं होतं. त्या दिवसाचं नाव काढायचं नाही. मला वाटलं, बाबांची अब्रू झाकतेय. तुला हे असलं काही भरवत होती, मला काय स्वप्न पडलं होतं?

टोपीवाल्या काकू : अहो दादा, आमचं आटपलं बरं का. आणि त्या नावाड्याच्या बायकोचं पुढे काय झालं, ते राहिलंच की सांगायचं!

भाऊ : तुम्ही व्हा पुढे, काकू. पुलाशी थांबा सगळे. पाण्यात कोणी उतरू नका.

टोपीवाल्या काकू : या मग लवकर.

बहीण : काय सांगणार आहेस त्यांना?

भाऊ : काही नाही. आज पक्षी दाखवतो. आधी आईशी बोलू दे मला.

बहीण : ओरडू नकोस तिच्यावर.

भाऊ : नाही ओरडत. ताई... बाबांसाठी गेली होती ती पाण्यात?

बहीण : गेली होती. हाती नाही लागले. ती पुन्हा निघाली, तेव्हा मी तिला सोडलं नाही.