कोल्या, मागे ये!

दुभाष्याचं काम म्हणजे कानावर पडेल ते पुढे ढकलायचं, डोकं चालवायचं नाही, असं आपण समजत होतो. मग आमच्या हैदराबादच्या फुटबॉल क्लबात रशियन मॅनेजर आला आणि तारनाक्याच्या विद्यापीठात रशियन शिकलेला मी त्याच्या गळ्यात पडलो. गडी तरुणपणी तिकडे गोलकीपर होता. गुडघा गेला, तेव्हापासून शिट्टी घेऊन देशोदेशी फिरतोय.

सरावात तो मधूनच रशियनमध्ये ओरडायचा, "कोल्या, मागे ये!"

आमच्यात कोल्या कुणीच नाही. एकदा चहा पिताना विचारलंच.

"माझा बचावपटू," तो म्हणाला. "एका मॅचमध्ये माझ्या समोरच कोसळला, तो उठलाच नाही. हाक मारायची सवय जात नाही. हे कुणाला सांगू नकोस."

मी नाही सांगितलं.

परवा भर दुपारी सराव चालू होता. आमचा गोलकीपर सलीम सोपे सोपे गोल खात होता. मॅनेजर भडकला, "विचार त्याला, झोपलायस का?"

मी विचारलं.

सलीम वैतागला. "भाई, मेरे सामने वो लंबा गोरा खडा है ना, उसकू बाजू होने बोलो. बॉल नै दिखरा."

गोलसमोर कुणीही नव्हतं.

हे गाळावं असं फार वाटलं. पण मॅनेजर माझ्या तोंडाकडे बघत होता. सांगितलं.

तो गोलकडे वळला. मग रशियनमध्ये हळूच म्हणाला, "कोल्या, जरा बाजूला हो."

सलीमला रशियनचा र कळत नाही. त्यानं लांबून अंगठा दाखवला.

"हौ, अब दिखरा."